झोपलेला संगणक कोण उठवतो? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच तक्रारीभोवती फिरतात : संगणक स्लीपमध्ये टाकला की तो तिथे राहत नाही. तक्रार एक असली तरी तिची कारणे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की एकाचा उपाय दुसऱ्याने केल्यास काही वेळा नवाच त्रास उभा राहतो. म्हणून चार पत्रे निवडून त्यांना स्वतंत्र उत्तरे देत आहोत. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत. उपकरणांची नावे मात्र पडद्यावरील यादीत दिसतात तशीच लिहावीत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात विंडोज ११ असलेले काही डेस्कटॉप आहेत. संध्याकाळी सर्व संगणक स्लीपमध्ये टाकून आम्ही निघतो, पण सकाळी त्यांतले दोन-तीन चालू असतात. माऊस आणि कीबोर्ड काढून ठेवूनही फरक पडला नाही. वीजबिलापेक्षाही, ग्राहकांची कागदपत्रे असलेले संगणक रात्रभर जागे राहतात याची काळजी वाटते. — एक सनदी लेखापाल, नाशिक

उत्तर : अंदाजाने एकेक वस्तू काढत बसण्याआधी खुद्द विंडोजला विचारावे. सकाळी संगणक जागा आढळला की दुसरे काही करण्याआधी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ ही आज्ञा द्यावी. शेवटची जाग कोणामुळे आली ते त्यात दिसते. इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिम या नोंदवहीत ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या स्रोताची १ क्रमांकाची नोंद याहून उपयुक्त असते, कारण झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि उठवणारा स्रोत ही तिन्ही माहिती तिच्यात एकत्र मिळते. स्रोताच्या जागी ‘अननोन’ असेल, तर विंडोजने ताकास तूर लागू दिलेला नाही असे समजावे. तरीही वेळ हाती लागलेली असते आणि तपासात तिचे महत्त्व कमी नाही. रोज साधारण त्याच वेळी जाग येत असेल तर टायमरवर, म्हणजे ठरलेल्या वेळी संगणक उठवणाऱ्या रचनेवर, संशय घ्यावा, वेळ अनियमित असेल तर उपकरणावर.

टायमर लावलेले असल्यास ‘पॉवरसीएफजी /वेकटायमर्स’ या आज्ञेने कळतात. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत रचनेत स्लीप या शीर्षकाखाली वेक टायमरना परवानगी द्यायची की नाही, हे ठरवता येते. तेथे ‘फक्त महत्त्वाचे टायमर’ असाही एक पर्याय असतो. विंडोज अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करण्यासारखी कामे या पर्यायातही सुटून जातात, त्यामुळे कार्यालयीन संगणकावर टायमर पूर्ण बंद ठेवणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

आपल्या बाबतीत मात्र आमचा संशय नेटवर्क कार्डावर आहे. माऊस-कीबोर्ड काढल्यावरही जाग येते, आणि सगळे संगणक न उठता ठरावीकच उठतात, यावरून तसे वाटते. ‘पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड’ ही आज्ञा दिल्यास उठवण्याची मुभा असलेल्या उपकरणांची यादी येते. त्यात वायरच्या नेटवर्कचे कार्ड दिसले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या गुणधर्मांतील पॉवर मॅनेजमेंट हे पान उघडावे. दुरून संगणक चालू करण्यासाठी ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा एक संदेश ठरलेला आहे : आधी सर्व बिट १ असलेले ६ बाइट आणि त्यामागे त्या कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक) १६ वेळा, असे एकूण १०२ बाइट. असा संदेश अपघाताने तयार होणे जवळजवळ अशक्य आहे. परंतु अनेक कार्डे याखेरीज इतर काही नमुन्यांनाही उत्तर देतात, आणि मग शेजारच्या संगणकाने सामायिक फोल्डर शोधण्यासाठी किंवा प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने सहज विचारपूस करण्यासाठी पाठवलेला साधा संदेशही संगणकाला उठवायला पुरतो. ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच जागे व्हावे’ या अर्थाच्या चौकोनात खूण केली की हा उपद्रव थांबतो. दुरून संगणक चालू करण्याची गरजच नसेल तर त्याच पानावरची, उपकरणाला संगणक उठवू देणारी खूण काढून टाकावी.

एक शक्यता मात्र स्लीपच्या बाहेरची आहे आणि आपल्याकडे ती विसरून चालत नाही. रात्री वीज जाऊन परत आली असेल, तर स्लीपमध्ये मेमरीला मिळणारा तुटपुंजा पुरवठा तुटतो. आणि वीज आल्यावर आपोआप चालू व्हावे अशी रचना बायोसमध्ये (बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरमध्ये) केलेली असल्यास संगणक सरळ नव्याने सुरू होतो. अशा वेळी उघडे ठेवलेले काम गेलेले असते आणि नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद सापडते. येथे उठवणारे उपकरण शोधणे व्यर्थ आहे; बायोसमधील ती रचना बदलावी किंवा यूपीएस बसवावा.

प्रश्न : स्वतः सुटे भाग आणून जुळवलेल्या डेस्कटॉपवर मी उबुंटू वापरतो. सस्पेंड केल्यावर पडदा काळा होतो, पंखे थांबतात आणि क्षणभरातच सगळे पुन्हा सुरू होते. इंटरनेटवर पाहून एक आज्ञा दिली; तिने एकदा काम झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीच आज्ञा पुन्हा दिली तर कधी उपयोग होतो, कधी नाही. — एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील ‘पंखे थांबतात’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. संगणक खरोखर झोपला आणि मग उठवला गेला, असे त्यावरून दिसते. याची खात्री ‘जर्नलसीटीएल -के’ या आज्ञेने कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ भागाच्या, नोंदी पाहून करावी. ‘एस३ या अवस्थेतून (फक्त मेमरीला वीज मिळणाऱ्या खोल झोपेतून) जागे होत आहोत’ अशा अर्थाची एसीपीआयची, म्हणजे वीज-व्यवस्थापनाच्या प्रमाणित यंत्रणेची, ओळ असेल तर झोप पूर्ण झाली होती. तिच्याऐवजी ‘काही उपकरणे सस्पेंड होऊ शकली नाहीत, किंवा जागे करणारी घटना आधीच आढळली’ अशा अर्थाची ओळ असेल, तर संगणक वाटेतूनच परत फिरला; त्या प्रकाराविषयी पुढील पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

आपण दिलेली आज्ञा बहुधा ‘/प्रोक/एसीपीआय/वेकअप’ या फाइलमध्ये एखादे नाव लिहिणारी असावी. ही फाइल उघडून पाहिली तर चार रकाने दिसतात : उपकरणाचे नाव, किती खोल झोपेतून ते उठवू शकते ती अवस्था, सध्या मुभा आहे की नाही, आणि कर्नलमधील त्याचा पत्ता. यूएसबीचा नियंत्रक ‘एक्सएचसी’सारख्या नावाने येतो, तर पीसीआय एक्सप्रेसची पोर्टे एएमडीच्या बोर्डांवर ‘जीपीपी०’, ‘जीपीपी१’ अशा नावांनी येतात. बी५५० चिपसेट असलेल्या काही बोर्डांवर हे जीपीपी० पोर्टच झोप लागताक्षणी जागे करण्याचा संकेत देते, ही गोष्ट लिनक्स वापरणाऱ्यांत चांगलीच माहीत आहे.

आपला गोंधळ उडवला तो या फाइलच्या दोन सवयींनी. पहिली सवय अशी की तिच्यात नाव लिहिल्याने मुभा बंद होत नाही, ती उलटते : चालू असेल तर बंद होते आणि बंद असेल तर चालू होते. आज्ञा दोनदा दिली गेली की आपण पुन्हा मूळपदावर येतो. दुसरी सवय अशी की संगणक नव्याने सुरू झाल्यावर हा बदल पुसला जातो. म्हणून अनेक जण संगणक सुरू होताना ती आज्ञा देणारी सिस्टिमडीची (लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थापकाची) छोटी सेवा लिहितात. तो उपाय चालतो, पण काही कारणाने ती सेवा पुन्हा चालली की मुभा पुन्हा उघडते. त्याऐवजी यादीतील चौथ्या रकान्यातला पत्ता घ्यावा, ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस’ या डिरेक्टरीत त्या पत्त्याच्या उपडिरेक्टरीमध्ये जावे आणि तेथील ‘पॉवर/वेकअप’ या फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ हा शब्द लिहावा. हा शब्द कितीही वेळा लिहिला तरी परिणाम एकच राहतो. तेच काम करणारा यूडेव्हचा (उपकरणांसाठी ठरवलेले नियम अमलात आणणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहून ठेवला की संगणक सुरू होताना ते आपोआप होते. एक बारीक अडचण येथे सर्वांना येते : ‘सुडो एको’ लिहून पुढे बाणाने फाइलचे नाव दिल्यास परवानगी नाकारली जाते, कारण फाइल उघडण्याचे काम सुडोच्या (प्रशासकाचा अधिकार देणाऱ्या आज्ञेच्या) कक्षेबाहेर, आपल्या साध्या शेलकडून होते. एकोचा मजकूर नळीच्या चिन्हाने (|) ‘सुडो टी’ या आज्ञेकडे द्यावा.

दोषी यूएसबी ठरली, तर पूर्ण एक्सएचसी बंद करण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास सुक्याबरोबर ओलेही जळते आणि कीबोर्डची कळ दाबून संगणक उठवण्याची सोयही जाते. यूएसबीच्या प्रत्येक उपकरणाला स्वतःची ‘पॉवर/वेकअप’ फाइल असते. ‘/सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस’मध्ये एकेक पाहून मुभा असलेली उपकरणे निवडावीत आणि एका वेळी एकच बंद करून सस्पेंड करून बघावे. बिनतारी माऊसचा रिसीव्हर त्यात असेल तर आधी त्याला धरावे. लिनक्स साधारणपणे कीबोर्डला उठवण्याची मुभा देतो, माऊसला देत नाही. पण हे रिसीव्हर माऊस आणि कीबोर्ड अशा दोन्ही रूपांत स्वतःची ओळख करून देतात, त्यामुळे कीबोर्डची मुभा माऊसलाही मिळते. मग टेबलाला लागलेला धक्का किंवा चकचकीत पृष्ठभागावर चुकून टिपली गेलेली हालचाल पुरेशी ठरते.

प्रश्न : आमची कंपनी इंटेल प्रोसेसरचे औद्योगिक टॅबलेट बनवते. त्यांवर मूळ ५.४ आवृत्तीवरून घेतलेला, पुरवठादाराने दिलेला लिनक्स कर्नल आहे. सस्पेंडची मागणी केल्यावर काही वेळा तो अर्ध्यावरून परततो आणि उणे १६ हा त्रुटी-क्रमांक देतो. जागे करणारे म्हणून ज्या उपकरणाचे नाव येते, त्याला कोणी स्पर्शही केलेला नसतो. पुरवठादार हार्डवेअरला दोष देतो, हार्डवेअरचा गट सॉफ्टवेअरला. खोटी घटना म्हणजे नेमके काय, आणि ती खोटी आहे हे सिद्ध कसे करावे? — एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : हा प्रश्न मुळापासून घेणे भाग आहे. सस्पेंड ही एका क्षणात घडणारी क्रिया नाही. प्रक्रिया गोठवल्या जातात, मग एकेक उपकरण निजवले जाते, आणि शेवटी पाळी मंचाची, म्हणजे मूळ बोर्ड व त्यावरील फर्मवेअरची, येते. या मधल्या वेळात एखादी खरी घटना घडली, म्हणजे पॉवरचे बटण दाबले गेले किंवा फोन आला, तर तिच्याकडे दुर्लक्ष करून झोपी जाणे चुकीचे ठरेल. अँड्रॉइडच्या वेकलॉकवरून (प्रोग्रामना झोप रोखू देणाऱ्या सोयीवरून) लिनक्सच्या जगात मोठा वाद झाला, त्या काळात, २०१० मध्ये, वीज-व्यवस्थापनाचे प्रमुख राफाएल वायसोकी यांनी कर्नलच्या २.६.३६ या आवृत्तीत ‘/सिस/पॉवर/वेकअप_काउंट’ ही फाइल आणली. झोपवू इच्छिणारा प्रोग्राम आधी त्यातला आकडा वाचतो, आपली तयारी करतो आणि तोच आकडा परत लिहितो. मधल्या काळात नवी घटना नोंदली गेली असेल तर लिहिणेच फसते. लिहिणे यशस्वी झाले, तर त्यानंतर नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक घटनेवर कर्नल नजर ठेवतो आणि पहिल्याच घटनेला सस्पेंड रद्द करून उणे १६, म्हणजे ‘व्यस्त’, असे उत्तर देतो. आपल्याला मिळणारा क्रमांक तोच आहे.

रचना उत्तम आहे, पण नोंदली जाणारी घटना खरी असेल या गृहीतकावर ती उभी आहे. आणि आपल्या कर्नलमध्ये ते गृहीतक बहुधा डळमळते आहे.

संगणक चालू असतानाही वापरात नसलेली उपकरणे एकेकटी निजवली जातात. याला रनटाइम वीज-व्यवस्थापन म्हणतात. त्यांना परत उठवण्याच्या मागण्या एका रांगेत जमा होतात, आणि संपूर्ण संगणकाचे सस्पेंड सुरू झाले की ही रांग गोठवली जाते. जुन्या कर्नलचे तर्कशास्त्र असे होते की, एखाद्या उपकरणाला संगणक उठवण्याची मुभा आहे आणि त्याला उठवण्याची मागणी रांगेत पडून आहे, तर त्या उपकरणाने जागे करण्याचा संकेतच दिला असला पाहिजे. म्हणून कर्नल स्वतःहून त्याच्या नावे घटना नोंदवत असे. वरवर हे पटण्यासारखे आहे.

आता एसीपीआयच्या सामायिक वीजपुरवठ्याकडे पाहा. काही उपकरणे एकाच वीजस्रोतावर बसवलेली असतात, वाड्यातल्या चार खोल्यांचे दिवे एकाच मेन स्विचवर असावेत तशी. झोपण्यापूर्वी त्यांतील एका उपकरणाची मांडणी बदलायची असते, म्हणून ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) त्याला क्षणभर उठवतो. त्यासाठी सामायिक वीजस्रोत चालू होतो, आणि तो चालू झाला म्हणून त्यावरच्या बाकी सर्व उपकरणांसाठीही उठवण्याच्या मागण्या रांगेत लागतात. रांग गोठलेली असल्याने त्या तशाच पडून राहतात. त्यानंतर सस्पेंडची क्रिया त्या उपकरणांपाशी पोहोचते, पडून असलेली मागणी पाहते, तिलाच जागे करणारी घटना समजते आणि सगळे रद्द करते. कोणी बटण दाबलेले नसते, कोणत्याही उपकरणाने संकेत दिलेला नसतो. स्वतः सस्पेंडनेच केलेल्या एका कामाचा प्रतिध्वनी त्याला परत फिरवतो. खोटी घटना ती ही.

ऑगस्ट २०२० मध्ये वायसोकी यांनी यावर जी दुरुस्ती केली ती ५.९ या आवृत्तीत आली, आणि देखभाल चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांसाठीही ती पाठवली गेली. दुरुस्ती म्हणजे काही नवे शहाणपण भरणे नव्हते. कर्नलच्या गाभ्याने स्वतःहून घटना नोंदवण्याची ती अट सरळ काढून टाकण्यात आली. त्यामागचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. मागणी पडून असणे याचा खऱ्या घटनेशी संबंध असेलच असे नाही. शिवाय ती तपासणी वेळेच्या शर्यतीत सापडते, कारण तिथे पोहोचेपर्यंत उपकरण उठायला लागलेले असू शकते. अशा वेळी ड्रायव्हरने घटना स्वतः नोंदवली नसेल तर ती हरवते, आणि नोंदवली असेल तर गाभ्याची नोंद निरुपयोगी ठरते. थोडक्यात, घटना खरी आहे हे ड्रायव्हरलाच ठाऊक असते, तेव्हा नोंदवण्याची जबाबदारीही त्याचीच. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो, कारण अंदाजाने सावध राहणारा गाभा शेवटी कोणालाच झोपू देत नाही.

आपल्याकडे ही दुरुस्ती आहे का, हे आवृत्तीच्या क्रमांकावरून ठरवू नका. पुरवठादाराच्या कर्नलमध्ये क्रमांक एक आणि मजकूर दुसराच, असे सर्रास असते. ‘ड्रायव्हर्स/बेस/पॉवर’ या डिरेक्टरीतील ‘मेन.सी’ उघडा, त्यातले ‘डिव्हाइस_सस्पेंड’ हे दोन अधोरेषांनी सुरू होणारे फंक्शन शोधा. ‘पीएम_रनटाइम_बॅरियर’ची हाक एखाद्या अटीच्या आत असेल आणि तिच्याखाली ‘पीएम_वेकअप_इव्हेंट’ दिसत असेल, तर दुरुस्ती झालेली नाही. ती हाक एकटीच असेल तर झालेली आहे.

पुराव्यासाठी मात्र कोड दाखवणे पुरेसे होणार नाही. डीबगएफएसमधील (कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या फाइल-व्यवस्थेतील) ‘वेकअप_सोर्सेस’ या तक्त्याची प्रत सस्पेंडच्या आधी एक आणि ते फसल्यानंतर एक, अशा दोन प्रती घ्या व फरक काढा; ज्या उपकरणाचा घटनांचा आकडा वाढला ते संशयित. त्याच दोन वेळांना ‘/प्रोक/इंटरप्ट्स’ आणि ‘/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स’मधील आकडेही टिपून ठेवा. उपकरणाच्या नावे घटना वाढली, पण त्याचा स्वतःचा इंटरप्टही (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेला संकेत) वाढला नाही आणि एसीपीआयची संबंधित घटनाही वाढली नाही, तर हार्डवेअरच्या गटाच्या बाजूने याहून चांगली साक्ष क्वचितच मिळेल. उलट इंटरप्ट वाढलेला दिसला, तर पुरवठादाराचे म्हणणे खरे असण्याची शक्यता आहे आणि मग त्या उपकरणाचा ड्रायव्हर व त्याची जोडणी तपासावी लागेल. वारंवार चाचणीसाठी ‘आरटीसीवेक -एम मेम -एस ६०’ ही आज्ञा वापरावी. ती संगणक निजवते आणि ६० सेकंदांनी घड्याळाकडून उठवते, त्यामुळे त्याआधीचे परतणे लगेच लक्षात येते. मात्र ही आज्ञा वेकअप_काउंटच्या वाटेने जात नाही, म्हणून आपल्याच वीज-व्यवस्थापकाने करायची ती आकड्याची देवघेव चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये आधी घालावी. ती विसरली तर दोष दिसणारच नाही, आणि पुरवठादार विजयी मुद्रेने बैठकीतून उठेल. घरगुती लिनक्स वापरणाऱ्यांना हा विशिष्ट दोष सहसा जाणवला नाही, कारण सिस्टिमडीचा नेहमीचा सस्पेंड ती फाइल वापरत नाही. क्रोमबुक आणि अँड्रॉइड वापरतात.

तात्पुरता उपाय म्हणून त्या उपकरणाची उठवण्याची मुभा काढून घेतली तर लक्षण नाहीसे होईल, पण त्या उपकरणाने टॅबलेट उठवण्याची सोयही संपेल. कारखान्यात बारकोड वाचक लावताच टॅबलेट जागा व्हावा अशी अपेक्षा असेल, तर ग्राहकाची तक्रार पुढच्याच आठवड्यात येईल. दुरुस्ती आपल्या कर्नलमध्ये घेणे हाच मार्ग आहे; ती अवघ्या काही ओळींची असल्याने पुरवठादाराला नाही म्हणायला फारसे कारण उरत नाही. घेतल्यानंतर आपल्या ड्रायव्हरांपैकी ज्यांना खरोखर टॅबलेट उठवायचा आहे ते घटना स्वतः नोंदवतात का, हे एकेक करून पाहावे. आजवर गाभ्याच्या त्या सवयीवर विसंबून राहिलेला एखादा ड्रायव्हर त्यात निघू शकतो.

प्रश्न : लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत ठेवते आणि कॉलेजला पोहोचेपर्यंत तो तापलेला असतो, बॅटरीही उतरलेली असते. हाही खोटी जाग येण्याचाच प्रकार का? — एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : बहुधा नाही. ‘पॉवरसीएफजी /ए’ ही आज्ञा द्या. उपलब्ध अवस्थांमध्ये एस३ नसून ‘एस० लो पॉवर आयडल’ असेल, तर आपला लॅपटॉप मॉडर्न स्टँडबाय पद्धतीचा आहे. त्याच्या स्लीपमध्ये पडदा बंद असला तरी यंत्रणा फोनप्रमाणे अधूनमधून कामे उरकत असते. ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’ ही आज्ञा एक अहवाल तयार करते, ज्यात त्या काळात कोणी किती वेळ काम केले ते रंगीत पट्ट्यांसह दिसते. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम सतत वर येत असेल तर तो अद्ययावत करावा. प्रवासासाठी मात्र झाकण बंद केल्यावर हायबरनेट व्हावे (काम डिस्कवर साठवून वीज पूर्ण बंद व्हावी) अशी रचना पॉवर ऑप्शन्समध्ये करून घ्या. तो पर्याय यादीत नसेल तर ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने एकदा द्यावी लागते.